आधी पोचणाऱ्याला काय मिळते?

मागच्या हिवाळ्यात माझ्या पुतणीने मला एक साधा प्रश्न विचारला. ती सेलू तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. सातवीच्या मुलांची सहल नागपूरच्या पलीकडच्या एका मनोरंजन उद्यानात न्यायची ठरली होती. उद्यानाचे दार दहाला उघडते. पालकांच्या सभेत दोन तट पडले. एक तट म्हणाला, दार उघडण्याआधी तासभर तिथे उभे राहावे, म्हणजे गर्दी व्हायच्या आत मोठमोठे पाळणे पदरात पडतात. दुसरा म्हणाला, लेकरांची झोप मोडून कुठे पाळण्यात बसवता? "काका, तुम्ही जुन्या नोंदी चाळत असता," पुतणी म्हणाली, "लवकर जाऊन खरंच काही फायदा होते का, ते सांगा नं."

नऊला दारावर पोचायचे तर एसटी साडेसहाला सुटायला हवी होती. म्हणजे मुले सहाला शाळेत. वर्गातली सातआठ मुले तीन किलोमीटरवरच्या वस्तीवरून चालत येतात, ती पाचच्या ठोक्याला घराबाहेर. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. तेव्हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नव्हता. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि वह्या काढून बसलो. हा लेख त्या चार दिवसांचा आणि पुढच्या काही महिन्यांच्या वाचनाचा.

आमच्या पिढीचे मनोरंजन उद्यान म्हणजे यात्रा. आम्ही हिंगणघाटला राहत होतो, पण आईचे माहेर सेलूजवळ. त्यामुळे बोर नदीकाठच्या घोराडची, संत केजाजी महाराजांची यात्रा ही आमची हक्काची. घोराडला विदर्भाची प्रतिपंढरी म्हणतात. आई आम्हाला पहाटेच उठवून मामाच्या बंडीत घाली. तांबडे फुटताना आम्ही तिथे असू. दर्शन चटकन होई. नदीवर पाणी स्वच्छ मिळे, बैलांना सावलीचे झाड मिळे. पण आम्हा मुलांचे डोळे लागलेले असत आकाशपाळण्याकडे, आणि तो मात्र उभाच.

याचे कारण त्या पाळण्याच्या रचनेत होते. लाकडी डोल्यांचा तो पाळणा दोन माणसे हाताने फिरवत. सगळे डोले भरल्याशिवाय ती हात लावत नसत, कारण एक बाजू रिकामी राहिली तर पाळणा एकीकडे ओढतो आणि मेहनत दुप्पट होते. सकाळी आठला जो मुलगा पहिला बसे, तो बाकीचे डोले भरेपर्यंत अर्धा तास तसाच लोंबकळत राही. दुपारी चारला आलेला मुलगा बसताक्षणी फिरू लागे. जुन्या यात्रेत आधी येणाऱ्याला पाणी, सावली आणि देव मिळे, खेळ मिळत नसे. खेळ गर्दीवर चालत. मौत का कुआ, फिरता सिनेमा, तमाशाचा फड, सगळ्यांना माणसे जमावी लागत आणि माणसे दिवेलागणीला जमत. आई मात्र आम्हाला दिवे लागायच्या आत परत बंडीत बसवी. सतराव्या वर्षी मित्रांबरोबर गेलो तेव्हा मी रॉकेलच्या बत्त्यांच्या उजेडात फिरणारा पाळणा पहिल्यांदा पाहिला.

आई एवढी घाई का करत असे? त्याचे उत्तर वडिलांच्या गिरणीत होते. हिंगणघाट आणि पुलगाव या वर्धा जिल्ह्यातल्या दोन गावांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत कापड गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांच्याआधी, १८६७ साली, भुसावळकडून नागपूरपर्यंत रेल्वे आली होती. यात्रेचा पाळणा माणसे भरेपर्यंत थांबतो, आगगाडी कोणासाठी थांबत नाही आणि गिरणीचा भोंगाही थांबत नाही. या दोघांनी आपल्या जिल्ह्याला घड्याळ शिकवले. घरात घड्याळ नसलेली माणसेही भोंग्यावर चूल पेटवू लागली.

वडील बदली कामगार होते. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या पाळीपुरते उभे राहायचे, तेवढ्या पाळीचा पगार घ्यायचा. त्यासाठी पाळी सुरू होण्याआधी दारावर हजर असावे लागे. वडील भोंग्याच्या तासभर आधी जात. लहानपणी मला वाटे, जो पहिला उभा त्याला पहिले काम. तसे नव्हते. कोणाला आत घ्यायचे ते मुकादम ठरवी. तासभर आधी आलेला परत जाई आणि भोंग्याबरोबर धावत आलेला आत जाई, असे वडिलांनी अनेकदा पाहिले होते. तरीही ते लवकर जात. "उशिरा गेल्यावर नाही म्हणाले तं आपली चूक, लवकर जाऊन नाही म्हणाले तं त्यायची," हे त्यांचे म्हणणे.

ही तक्रार एका गावापुरती नव्हती. मुंबईत जॉबरच्या मर्जीवर बदलीची भरती चाले आणि त्यात चिरीमिरी, नातीगोती सगळे येई. म्हणून १९३५ मध्ये तिथल्या गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. ठरावीक लोकांना बदलीची कार्डे द्यायची, त्यांनी रोज हजर व्हायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. लवकर येण्याचा पहिला नियम मला इथे सापडला. दारावरचा माणूस क्रम मानत असेल, तरच आधी येण्याला किंमत असते. तो क्रम मानत नसेल, तर आधी येणारा फक्त जास्त वेळ उभा राहतो.

दुसरा नियम मामाच्या बंडीने शिकवला. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी संकलन केंद्रावरच द्यायचा, हमीभाव ठरलेला. भाव सगळ्यांना सारखा, म्हणजे घाई करायचे कारण उरायला नको होते. झाले उलटे. हंगामात सगळ्यांचा कापूस एकदम घरात येतो, आणि केंद्रावर दिवसाला मोजल्या जातील एवढ्या बंड्या ठरलेल्या. वर्धा, यवतमाळ, अमरावती या भागातल्या साठीच्या पुढच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, बंड्यांच्या रांगा किती लांब लागत ते तो हात पसरून दाखवील.

मामा सुरुवातीला पहाटे निघत. पुढे असलेले लोक आदल्या रात्रीच आलेले दिसत. मग मामा रात्री निघू लागले, तर लोक आदल्या दुपारी येऊ लागले. दोनतीन हंगामांत अशी पाळी आली की बंडीबरोबर दोन दिवसांचा कडबा, भाकरी आणि घोंगडी न्यावी लागे. दिवसाला मोजल्या जाणाऱ्या बंड्या मात्र तेवढ्याच होत्या. म्हणजे सगळ्यांनी मिळून लवकर येण्याची चढाओढ केली, क्रम होता तसाच राहिला आणि प्रत्येकाच्या दोन रात्री गेल्या. शिवाय कापूस उघड्यावर सुकून वजनाला घटे. सगळेच लवकर आले तर कोणीच लवकर आलेला नसतो, हा दुसरा नियम. आता कापूस विकायला ॲपवर नोंदणी करून दिवस घ्यावा लागतो. त्याच्या वेगळ्या अडचणी आहेत, पण रस्त्यावरची रात्र टळते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६९ मध्ये हीच गोष्ट गणिताने मांडली. त्यांच्यापुढे बंड्या नव्हत्या, अरुंद रस्त्यावर सकाळी अडकणाऱ्या मोटारी होत्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कोणी लवकर निघून झोप घालवतो, कोणी सोयीच्या वेळी निघून रांगेत वेळ घालवतो, आणि हळूहळू दोघांचे नुकसान जवळपास सारखे होते. रांगेत गेलेला वेळ मात्र कोणाच्याच पदरात पडत नाही, तो निव्वळ वाया जातो. विक्री यांना पुढे १९९६ चे नोबेल मिळाले. मामांना हे माहीत असते तर त्यांनी एवढेच विचारले असते, की मग बंडी केव्हा जुंपायची?

आता उद्यानांकडे वळू. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी निमंत्रितांसाठी उघडले. निमंत्रणपत्रिकांच्या बनावट प्रती निघाल्या आणि २८,००० च्या आसपास माणसे आत शिरली. उन्हाने नवे डांबर मऊ झाले, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. दुसऱ्या दिवशी सर्वसामान्यांसाठी दार उघडले. त्या दिवशी पहिले तिकीट घेणारा बावीस वर्षांचा विद्यार्थी रात्री दोनच्या सुमारासच दारावर येऊन उभा राहिला होता. तिकीट त्याला मिळाले, पण एकाही खेळात न बसता तो घरी परतला. पुढे त्याला जन्मभराचा मोफत पास मिळाला, म्हणून त्याची रात्र फळाला आली म्हणायची. पण तो मान एकालाच मिळतो, दुसऱ्या क्रमांकाला नाही.

आपल्याकडे दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये आणि मुंबईत गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी वर्ध्याहून निघून सकाळी मुंबईत उतरलेल्या वऱ्हाडी-नागपुरी पाहुण्याला एस्सेलवर्ल्ड दाखवणे हे तेव्हा मुंबईकर नातेवाइकांचे कर्तव्यच झाले होते. मीही १९९२ मध्ये बोरिवलीच्या मावसभावाबरोबर गेलो. खाडी ओलांडायला लाँच लागे. आम्ही पहिल्या लाँचने गेलो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे मोठे खेळ उरकले. पुढचा अर्धा दिवस काय करावे ते कळेना. मग आवडलेल्या खेळांच्या रांगेत पुन्हा उभे राहिलो, आणि तेव्हा रांग म्हणजे काय ते समजले.

२०१३ च्या एप्रिलमध्ये रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. इकडे विदर्भात त्याआधीच शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने आनंद सागर उभारले होते. तळे, तळ्यातल्या बेटावर ध्यानकेंद्र, बागा आणि मुलांची छोटी आगगाडी. आपल्या भागातल्या पुष्कळ कुटुंबांनी पहिले उद्यान पाहिले ते शेगावला, दर्शनाला जोडून.

नव्या उद्यानाचा पाळणा यात्रेच्या पाळण्यासारखा नाही. त्याला वीज लागते, गर्दी लागत नाही. म्हणून इथे हिशेब फिरतो. समजा, एका मोठ्या झुलत्या गाडीत २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. तासाला २० फेऱ्या, ४८० माणसे. दार उघडताच ५०० जण तिकडे धावले, तर पन्नासावा माणूस सहासात मिनिटांत बसेल आणि साडेचारशेव्याला सुमारे ५६ मिनिटे लागतील. फरक ५० मिनिटांचा. त्यासाठी पहिला माणूस दारावर एक तास आधी उभा असेल, तर ५० मिनिटे वाचवायला त्याने ६० मिनिटे दिली. हा व्यवहार तोट्याचा दिसतो.

पण हिशेब इथे थांबवणे बरोबर नाही. पहिला माणूस पहिला खेळ आटपून दुसऱ्याकडे जातो तेव्हा गर्दी अजून पहिल्याच खेळापाशी असते. दुसऱ्यातही त्याला दहा मिनिटे, तिसऱ्यातही पंधरा. दुपारी बारापर्यंत त्याचे चार खेळ होतात आणि अकराला आलेल्याचा जेमतेम एक. तेव्हा लवकर येण्याचा फायदा खरा आहे. फक्त तो पहिल्या दीडदोन तासांत आहे, दाराबाहेरच्या तासात नाही. दार उघडताना पहिल्या शंभरात असणे पुरेसे असते. त्यासाठी पंधरावीस मिनिटे आधी आले तरी चालते, आणि आत गेल्यावर दाराजवळच्या खेळांना न भुलता थेट शेवटच्या टोकाला जावे लागते. जवळ राहणाऱ्याला हे सोपे आहे. त्याचा सकाळचा तास स्वस्त असतो. साडेसातशे किलोमीटरांवरून रात्रभर प्रवास करून आलेल्याचा, किंवा पाच वाजता वस्तीवरून निघालेल्या मुलीचा तास महाग असतो. दुपारी दोनला ती मुलगी बाकावर झोपून गेली, तर सकाळी मिळालेले दोन खेळ तिथेच परत गेले. आपला तास किती स्वस्त ते आधी पाहावे, हा तिसरा नियम.

शिवाय दारावरचा क्रम आता विकतही मिळतो. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास काढला. खेळाची वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्या, तेवढा वेळ इतरत्र फिरा आणि ठरल्या वेळी या. तेव्हा ही चिठ्ठी फुकट होती. २०२१ मध्ये ती पद्धत बंद होऊन तिच्या जागी पैसे मोजायची सोय आली. वेगळ्या रांगेचा जादा पैशांचा पास आपल्याकडच्या मोठ्या उद्यानांतही दिसतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो पैसा देतो, ज्याच्याकडे नाही तो झोप देतो, यात कोणी म्हणेल की दोघेही किंमतच मोजतात. पण पासवाला जी जागा घेतो ती साध्या रांगेतल्या मागच्या सगळ्यांच्या वेळेतून कापलेली असते, आणि त्याचे पैसे त्यांना मिळत नाहीत. गिरणीच्या दारावरच्या मुकादमाची मला इथे आठवण झाली. एवढेच की इथला दर उघडपणे पाटीवर लिहिलेला असतो.

मग रांगेला दुसरा उपायच नाही का? आहे, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढतात. देवाची झोप बंद, पाठीशी लोड, आणि मंदिर दिवसरात्र उघडे. दार अरुंद आहे हे मान्य करून वेळच वाढवलेला. पायावर डोके ठेवायची रांग वेगळी आणि नुसत्या मुखदर्शनाची वेगळी. ज्याला तेही जमत नाही तो नामदेव पायरीला हात लावून, कळसाकडे पाहून हात जोडतो आणि वारी पोचली असे मानून परततो. त्याला कमी मिळाले असे कोणी म्हणत नाही.

क्रमाचा विचार तर आणखी पुढचा आहे. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर, आपल्या आर्वी तालुक्यासमोर कौंडण्यपूर आहे. तिथली रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते. चारशेहून अधिक वर्षांची ही परंपरा सांगतात. रस्ता लांबचा म्हणून ती कितीतरी आधी निघते. हे लवकर निघणे कोणाच्या पुढे जाण्यासाठी नाही, वेळेवर पोचण्यासाठी आहे. दशमीला वाखरीहून पालख्या पंढरपुरात शिरतात, त्यात सर्वांत मागून येते ज्ञानेश्वर माउलींची पालखी. जिचा मान मोठा ती शेवटी. रांगेत पहिले असणे म्हणजेच मान, ही समजूत भोंग्याची आहे, वारीची नाही.

चार दिवसांनी मी पुतणीला एका कागदावर लिहून दिले. शनिवार-रविवार आणि सुट्टीचा दिवस टाळा, त्याने जो फरक पडतो तो पहाटे उठून पडत नाही. अंधारात कोणाला चालायला लावू नका, गाडी साडेसातला सोडा. दहाच्या सुमारास पोचाल. आत गेल्यावर आधी शेवटच्या टोकाला जा. बारा ते तीन रांगा लांब असतील तेव्हा डबे खाऊन घ्या, मोकळ्यावर खेळा. आणि शेवटचा तास सोडू नका. लवकर आलेले तोवर थकून घरी गेलेले असतात. ज्या तासाबद्दल कोणी भांडत नाही तो तास बहुधा सर्वांत स्वस्त असतो.

सहल एका मंगळवारी गेली. वाटेत चहाला थांबल्यामुळे पोचायला सव्वादहा झाले. सकाळी तीन खेळ मिळाले, दुपारी एकच. साडेचारनंतर मोठ्या चक्राजवळ रांगच नव्हती, आणि वस्तीवरच्या मुली एकाच चक्रात लागोपाठ तीनदा बसल्या. चालवणाऱ्या माणसाने त्यांना खाली उतरायलाही लावले नाही. रात्रीचा प्रवास टाळायचा म्हणून साडेपाचला गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी पुतणी घरी आली आणि मोबाइलवरचे फोटो आईला दाखवू लागली. आईचे वय आता पंचाऐंशीच्या पुढे आहे. तिने एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"दिवे लागल्यावरचा नाही का एखादा?" तिने विचारले.

"नाही आजी, दिवे लागायच्या आत निघालो आम्ही."

"मंग काय पाह्यलं वं पोरी," आई म्हणाली. "पाळणा तं दिव्यातच पाहा लागते."

जिने आम्हाला दिवे लागायच्या आत दरवर्षी बंडीत बसवले, तिने तो दिव्यातला पाळणा केव्हा पाहिला होता, हे मी अजून विचारलेले नाही.